वहिनीचा उलटा फोटो

माझा दादा दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि लोकांना फोटोंवरून मोठी चित्रं काढून देतो. पण समोरचा फोटो तो उलटा लावतो, डोकं खाली. लहानपणी मला वाटायचं, हा नक्की डोक्यावर पडलाय. त्याचं म्हणणं असं, की फोटो सरळ असला की नाक दिसतं, आणि नाक कसं असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. मग हात ते ठाऊक असलेलं नाक काढून मोकळा होतो. उलटं केलं की नुसती एक रेघ उरते आणि तिच्याशेजारी सावली. तेवढी मुकाट काढायची.

यातून त्याला एक खोड लागली. चित्र संपलं रे संपलं की तो उलट्या चित्रावरच सही ठोकतो. गिऱ्हाईक घरी जाऊन बघतं तर सही कपाळाच्याही वर, आणि तीही उलट. मी बोलून बोलून थकले. पण सही झाल्याशिवाय त्याच्या लेखी चित्र संपत नाही, आणि चित्र सरळ करण्याएवढा धीर त्याला कुठला?

वहिनी गेली त्याला दोन वर्षं झाली. तिचा एकटीचा फोटो एकच, कामावरच्या ओळखपत्रातला, अंगठ्याएवढा. त्यात तिचं तोंड अर्धवट उघडं. तिला तो मेला फोटो मुळीच आवडायचा नाही. दादाने तिचं चित्र दोनदा काढलं, दोन्ही वेळा सरळ, आठवणीतून. बायकोला उलटं कसं टांगायचं म्हणे! दोन्ही चित्रांत ओठ मिटून गोड हसणारी कुणीतरी बाई.

"ही कोण?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही, काय करणार.

तो चिडला नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय गं."

मीच उठून ते ओळखपत्र चिमट्यात उलटं अडकवलं.

तीन आठवडे तो भिंग घेऊन बसला. फोटोवर कागद, कागदाला बारीक चौकोनी भोक, तेवढंच बघायचं, तेवढंच काढायचं. मी रोज दुपारी डबा घेऊन जायचे. चित्र जरा सरळ कर म्हटलं की नाही म्हणायचा. भीती वाटत होती त्याला, पुन्हा तीच परकी बाई निघाली तर?

शेवटी मीच चित्र फिरवलं. वहिनी होती. डाव्या भुवईतली फट होती, उघडं तोंडही होतं.

दादा तिच्या ओठांकडे बघत होता. मग हळूहळू त्याने सांगितलं. ओळखपत्राचा फोटो काढताना तो फोटोवाल्याशेजारीच उभा होता. ती त्याला काहीतरी विचारत होती. नंतर बोल, आधी तोंड मीट, असं तो म्हणाला, आणि तेवढ्यात फोटो निघाला. नंतर विचारायचं त्याच्याकडून राहिलं, तिनेही पुन्हा विषय काढला नाही.

"काय विचारत होती गं ती?"

मी उगाच ब्रश त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, सही कर, एकदा तरी सरळ बाजूने कर.

त्याने ब्रश पुसला आणि डब्यात ठेवून दिला.

"राहू दे," तो म्हणाला. "आधी तिचं बोलून होऊ दे."