पाव्हण्यांची अहिराणी

आमच्या घरी पहिला कुत्रा आला तो फक्त पंधरा दिवसांसाठी. राहिला दीड महिना. त्यात त्याचा काही दोष नव्हता, त्याचा मागचा पाय मोडला होता. माझा नवरा सातपूरला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. पहिली पाळी सुटताना गेटसमोर जी झुंबड उडते, तिच्यात एका मोटरसायकलने या कुत्र्याला उडवलं. नवऱ्याने त्याला स्पेअर पार्टच्या खोक्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. प्लास्टर झालं, आणि आता याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. आमच्या भागात भटक्या कुत्र्यांसाठी धावपळ करणारी एक ताई आहे. ती फोनवर म्हणाली, "दादा, फक्त पंधरा दिवस सांभाळा. त्याला कायमचं घर मी बघते." नवरा लगेच हो म्हणाला आणि मग मला विचारायला फोन केला.

घरात आम्ही चौघं. नवरा, मी, आठवीतली मुलगी आणि सासूबाई. कुत्रा दारात आला तेव्हा मी एकच अट घातली, "याचं नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की तो आपला झाला, मग जाता जाणार नाही."

"मग हाक काय मारू?" सासूबाईंनी विचारलं. थोडा विचार करून त्यांनीच ठरवलं, "पाव्हणा म्हणते."

सासूबाई नामपूरच्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या. सगळा जन्म अहिराणीत गेलेला, आणि आमच्या घरात अहिराणी बोलणारं कोणी नाही. म्हणजे एकजण होता, पण त्याने सोडून दिली होती. नवरा शिकायला नाशिकला आला तेव्हा होस्टेलवरची पोरं त्याच्या 'शे'ला हसली होती. तेव्हापासून तो जो 'आहे, आहे' करायला लागला तो आईशी बोलतानाही थांबला नाही. आई विचारायची, "जेवाले काय करू?" आणि हा उत्तर द्यायचा, "काहीही चालेल, आई." बँकेच्या काउंटरवर बोलावं तसं.

माझं तर विचारूच नका. मी शाळेत मराठी शिकवते. एकदा मुलीने निबंधात 'मला' ऐवजी 'माले' लिहिलं. मी त्याखाली लाल रेघ मारली आणि सासूबाईंच्या देखत म्हणाले, "हे असं घरात कानावर पडतं, मग वहीत उतरतं." तेव्हापासून माझ्याशी बोलताना त्या शब्द जपून, एकेक मोजून काढायच्या, वर्गात उभं केल्यासारख्या. मला ते कळत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं.

पाव्हण्याचं खोकं मागच्या पडवीत ठेवलं. सासूबाईंची बसायची जागाही तीच. त्या तिथे गहू निवडायच्या, लसूण सोलायच्या. मी शाळेतून आले की पडवीतून बोलणं ऐकू यायचं. पहिल्यांदा मला वाटलं शेजारीण आली आहे. डोकावले तर या गव्हाचं ताट मांडीवर घेऊन कुत्र्याला नामपूरच्या बाजारात कांद्याचे ढीग कसे लागतात ते सांगत होत्या, आणि तो प्लास्टरचा पाय पसरून त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मध्येच त्या विचारायच्या, "तुले समजस ना?" तो शेपूट आपटायचा. त्या पुढे बोलायच्या.

कांद्यावरून डॉक्टरांशी मात्र त्यांचं वाजलं. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला कांदा अजिबात द्यायचा नाही.

"नामपूरचाबी नाही?"

"कुठलाच नाही, आजी."

"तुम्ही नामपूरचा खाऊन पाहिला का?"

"मी खातो ना. कुत्र्याला चालत नाही."

सासूबाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, की हा माणूस बहुतेक लासलगावकडचा. पण कांदा दिला नाही. पाव्हण्यासमोर कांदा चिरायच्याही नाहीत, त्याला वाईट वाटेल म्हणून.

मुलीने पाव्हण्याला वळण लावायचं मनावर घेतलं होतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून ती हातात बिस्किट धरायची आणि म्हणायची, "सिट. सिट! स्टे!" पाव्हणा बिस्किटाकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग पुन्हा बिस्किटाकडे. आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, हा ढ आहे."

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आठे ये."

पाव्हणा तीन पायांवर उड्या मारत त्यांच्याजवळ गेला.

"बठ."

तो बसला. प्लास्टर बाजूला सारून, अगदी नीट.

"उगामुगा ऱ्हाय."

तो गप्प पडून राहिला. मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. हातातलं बिस्किट तिने स्वतःच खाल्लं.

प्लास्टर निघालं, पाव्हणा चारही पायांवर आला, आणि ताईने घर शोधलं. गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहणारं एक तरुण जोडपं, दोघंही कंप्युटरवर काम करणारे, माणसं प्रेमळ. त्यांनी येतानाच नवा पट्टा, नवी गादी आणि दातांनी चावायचं रबरी हाड आणलं होतं. पाव्हणा गाडीत बसला, मुलगी रडली, नवरा उगीचच गाडीची चाकं तपासत राहिला. सासूबाई आत गेल्या आणि दुपारभर त्यांनी लसूण सोलला. पुढे महिनाभर आम्ही विकत लसूण घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या जोडप्यातल्या मुलीचा फोन आला. आवाज दबका होता.

"काकू, रागावू नका हं. पण याला ऐकू येतं ना?"

"का गं?"

"आम्ही काहीही म्हटलं तरी ढिम्म. हाक मारली तर बघतो आणि तसाच बसतो. काल डॉक्टरांकडे नेऊन आलो. त्यांनी कानाशी टाळ्या वाजवल्या, किल्ल्या वाजवल्या. ते म्हणतात, कान उत्तम आहेत. मग आम्हाला वाटलं, आम्ही त्याला आवडलो नाही."

माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. मी सासूबाईंकडे पाहिलं. "आई, चला. रिक्षा बोलावते."

लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेलो. हॉलमध्ये नव्या गादीशेजारी, फरशीवर, पाव्हणा खिन्न होऊन पडला होता. जवळचं कोणी दवाखान्यात असावं तसे ते दोघं सोफ्याच्या कडेवर बसलेले. सासूबाईंनी चप्पल काढली आणि दारातूनच म्हणाल्या, "काय रे पाव्हणा, आठे ये!"

तो जो उठला तो टीपॉयवरचा पाण्याचा ग्लास घेऊनच आला. सासूबाईंच्या लुगड्याभोवती त्याने तीन फेऱ्या मारल्या. "बठ," म्हटल्यावर बसला. तो मुलगा सोफ्यावरून उठून उभाच राहिला.

"आजी, ही कुठली भाषा?"

"अहिराणी," मी सांगितलं. "चूक आमची आहे. सांगायला हवं होतं."

ती मुलगी मोठ्याने हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे आम्ही आवडलो नाही असं नाही ना?"

"तुमचं बोलणं त्याले समजत नाही, बाई," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही शिका."

आणि त्यांनी तिथल्या तिथे शिकवायला घेतलं. त्या मुलीने कागदावर सात शब्द लिहिले आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. मुलगा पुण्याचा. त्याचं 'बठ' काही केल्या जमेना. तो 'बट' म्हणायचा, 'बठ्ठ' म्हणायचा. सासूबाई चहा बाजूला ठेवून म्हणायच्या, "नाही. परत." मी वर्गात याहून मायाळू असते. शेवटी सहाव्या का सातव्या वेळेला पाव्हणा बसला. मला अजूनही वाटतं, तो कंटाळून बसला. पण मुलाला असा आनंद झाला, जणू मोठी बढती मिळाली.

पुढचे दोन महिने दर रविवारी ते दोघं पाव्हण्याला घेऊन आमच्याकडे यायचे. शिकवणीला. सासूबाई सकाळपासून तयार असायच्या. सात शब्दांचे चौदा झाले, चौदांची वाक्यं झाली. एका रविवारी तो मुलगा दारातून आला आणि म्हणाला, "आजी, कशी शे?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. त्या हसत असताना मी स्वयंपाकघरात उभी होते. इथे आल्यापासून तीन वर्षांत या घरात त्यांना हा साधा प्रश्न त्यांच्या भाषेत कोणीच विचारला नव्हता. विचारला तो एका परक्या मुलाने, तोही कुत्र्यासाठी शिकलेला. त्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि लाल रेघेबद्दल बोलले. त्यांना आठवत होतं. "तू मास्तरीण शे," त्या म्हणाल्या, "रेघ मारशीलच." आणि मला लसूण सोलायला दिला.

मग पाव्हणे येतच राहिले. एक आंधळा म्हातारा, खोकल्यासारखं भुंकणारी एक बारकी, गटारातून काढलेली चार पिल्लं. ताई आता कुत्र्याचा फोटो टाकताना खाली लिहायची: लसीकरण झाले, स्वभाव शांत, भाषा अहिराणी. एकदोनदा मुलगी हट्टाला पेटली की हा ठेवू या ना. सासूबाईंनीच नाही म्हटलं. "हा ठेवला तर पुढच्याले कुठे बसवशील?" एवढंच. त्यांच्या पडवीत जागा एका खोक्याचीच होती.

त्यात एक कुत्री आली. खरुजेने अर्धे केस गेलेली, वयस्कर, माणसांना भ्यायलेली. पुरुष दिसला की पाण्याच्या टाकीच्या स्टँडखाली घुसायची. सासूबाईंच्या हातून खायची, औषध लावून घ्यायची. आणि नेमकं सासूबाईंना भाचीच्या लग्नाला चार दिवस नामपूरला जावं लागलं. मी शाळेत, मुलगीही शाळेत, नवऱ्याची दुसरी पाळी. म्हणजे सकाळचं औषध त्याच्याकडे.

पहिल्या दिवशी त्याने भाकरी दाखवली. दुसऱ्या दिवशी दूध. कुत्री टाकीखालून डोळे वटारून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, माझी शाळा लवकर सुटली. मी घरी आले तर मुलगी पडवीच्या दारात तोंडावर हात दाबून उभी, दुसऱ्या हातात मोबाइल. तिने मला गप्प राहायची खूण केली. माझा नवरा, सुपरवायझर माणूस, फरशीवर पालथा पडला होता. औषधाची ट्यूब कानामागे पेन्सिलसारखी खोवलेली. आणि टाकीखाली तोंड घालून तो म्हणत होता, "ये वं माय, आठे ये. भ्याऊ नको. मी काय करस तुले? मी तुना आंडोर शे."

तुझा मुलगा आहे, असं तो त्या कुत्रीला सांगत होता. अगदी आईच्या सुरात. आधी एक पाय बाहेर आला, मग नाक, मग ती सगळी. त्याने कानामागची ट्यूब काढून तिच्या पाठीला औषध लावलं. आम्ही बघतोय हे कळल्यावर तो उठला, शर्ट झटकला आणि म्हणाला, "औषध लावून झालं आहे."

मुलीने तो व्हिडिओ तोवर आजीला पाठवला होता. लग्नघरात तो मांडवभर फिरला. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "त्याले सांग, 'ये' येवढं लांबवू नको. कुत्री काय धुळ्याले उभी शे?"

परत आल्या तेव्हा तो स्वतः त्यांना आणायला स्टँडवर गेला. दोघं मोटरसायकलवरून उतरले ते बोलतच. मला निम्मं कळलं. लग्नातल्या जेवणाबद्दल काहीतरी होतं, आणि कोणाला तरी जोरदार नावं ठेवणं चाललं होतं.

त्या कुत्रीला चार महिने कोणी विचारलं नाही. मग कळवणहून एक शेतकरी नवरा-बायको आले. त्यांची कुत्री म्हातारी होऊन गेली होती, घर सुनं वाटत होतं. बाईने पडवीत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "चाल वं, येस का?" शब्दांच्या कागदाची गरजच पडली नाही. सासूबाई आणि ती बाई मग दोन तास बोलत बसल्या. कुत्री त्यांच्या मध्ये झोपून गेली. शेवटी त्या बाईच्या नवऱ्याने आठवण करून दिली की आपण कुत्री न्यायला आलो आहोत.

आठ दिवसांनी सासूबाईंनी कळवणला फोन लावायला सांगितला. "तिच्या कानाशी धरा," त्या म्हणाल्या आणि कुत्रीशी बराच वेळ बोलल्या. जेवण, औषध, थंडी, सगळं. मग फोन माझ्या नवऱ्याने घेतला, मग मुलीने. माझी पाळी आली तेव्हा मी मनात वाक्य जुळवून, जरा घाबरतच म्हटलं, "जेवनी का वं माय?"

पलीकडून त्या बाईचा आवाज आला, "ती कवाची गेली शेळ्यांमागे. तुम्ही बोला ना, मी ऐकी ऱ्हायनू."