खंडेनवमीचं पिस्तूल

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला नाही म्हणजे कुणालाच नाही, कारण एरवी माझ्या पोटात काही राहत नाही. ही एकच गोष्ट राहिली. तुम्हाला तरी का सांगतोय? माहीत नाही. पण आता सुरुवात केलीच आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. विमानाचे सुटे भाग तपासायची नोकरी. आमच्या खात्यात एक बोल्ट नापास झाला की सगळा लॉट परत जातो आणि त्यावर सही माझी लागते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत कुणाचा मिक्सर बंद पडो की कुणाची गाडी खडखड करो, बोलावणं मलाच. मी जातो, आणि — खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडतं. चारचौघांत मी निकाल द्यायचा, बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

अरविंद माझा जवळचा मित्र. एकोणीसशे ऐंशीनंतरची, आमच्या इथल्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. त्याचं इंडियन किराण्याचं छोटं दुकान होतं. तो आणि शैलावहिनी दोघंच चालवायचे. एकदा दुकानामागच्या पार्किंगमध्ये कुणीतरी चाकू दाखवून त्याला लुटलं. मग त्यानं पिस्तूल बाळगायचा परवाना काढला आणि कुठलं घेऊ हे विचारायला आला — कुणाकडे? अर्थात माझ्याकडे. मी जन्मात पिस्तूल हातात धरलं नव्हतं. पण दोन-चार मासिकं चाळली होती ना! गणपतीच्या जेवणाला सगळ्यांसमोर मी चक्क व्याख्यान झोडलं. अरविंद काडीपैलवान, त्याच्या खिशात मोठं पिस्तूल लपणार नाही, तेव्हा पंचवीस कॅलिबरचं तळहाताएवढं घ्यावं. कुणीतरी रिव्हॉल्व्हर सुचवलं, तर मी त्याला हसण्यावारी नेलं.

त्याच मासिकांत हेही होतं की ही छोटी पिस्तुलं नखरेल असतात. आतली जागा कमी, स्प्रिंग ताठ, प्रत्येक गोळी त्यांना मानवत नाही. जी गोळी खिशात ठेवणार तीच भरपूर झाडून बघायची, मगच भरवसा ठेवायचा. अरविंदला दुकानातून सवड नव्हती. "तू टेस्ट कर यार, तुझं तर कामच ते," म्हणाला आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं.

मी नेमबाजीच्या रेंजवर गेलो. गेलो नसतो तर बरं झालं असतं का? निदान मला माहीत तरी नसतं. साध्या गोळ्या नीट सुटल्या. मग अरविंद बाळगणार होता त्या, टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या भरल्या. पहिली सुटली आणि रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खाचेतच उभं अडकलं; ते काढल्याशिवाय पुढची गोळी सुटेना. काढलं, पुन्हा झाडली. पुन्हा तसंच, उभं. पुसलं, तेल दिलं. पुन्हा तेच.

बोल्ट असता तर मी लॉट परत पाठवला असता. इथे परत पाठवायचं म्हणजे गणपतीच्या पंगतीला परत पाठवायचं — माझं व्याख्यान, माझं हसणं, सगळं. मी घरी येताना अरविंदच्या दुकानात थांबलो आणि म्हणालो, "एकदम ओके. बिनधास्त ठेव." याला थोडीच कधी गोळी झाडावी लागणार आहे, असं मनाला सांगितलं. रात्री झोपही लागली. तेच आठवलं की आज किळस येते.

नवरात्रात वहिनींनी दुकानातच खंडेनवमी केली. खोक्यावर रेशमी कापड, त्यावर वजनकाटा, सुरी, पाना आणि मधोमध ते पिस्तूल. शस्त्रांची पूजा, आणि घरात खरंखुरं शस्त्र! वहिनींना कोण हौस. सढळ हातानं हळद-कुंकू वाहिलं, अक्षता, फूल. मी तिथेच होतो. प्रसादाची बर्फी खात होतो.

थंडी सुरू झाली तेव्हा एका संध्याकाळी अरविंद दुकान बंद करून मागच्या दारानं निघाला. गाडीमागून एक माणूस लोखंडी कांब घेऊन पुढे आला. अरविंदनं पिस्तूल काढलं, एक गोळी हवेत झाडली. माणूस पळाला. चार पावलं पळाला — मग मागून चापाचा नुसता कटकट आवाज ऐकला आणि परत फिरला.

उजव्या हाताचं कोपर आणि मनगट. डॉक्टरांनी जोडलं ते नावापुरतं. त्या हातानं अरविंदला आज शर्टाचं बटणही लावता येत नाही. दुकान विकावं लागलं.

पण हात माझ्या भित्रेपणामुळे गेला, एवढंच सांगायचं असतं तर कदाचित कधीच सांगून टाकलं असतं. पुढचं सांगवत नाही.

पोलिसांनी वहिनींना पिस्तूल दाखवलं होतं. खाचेत उभं अडकलेलं काडतूस आणि मुठीच्या बेचक्यात लाल कुंकू. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला गाठलं. डोळे कोरडे होते. "भावजी, तुम्हाला यातलं कळतं. खरं सांगा हं. माझ्या कुंकवानं अडकलं का हो?"

केवढी सोपी वेळ होती! नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? मी समजावून सांगितलं. बारीक पूड तेलात गेली की तिचा लगदा होतो, सरकणारे भाग जड होतात, असं शांतपणे, ऑफिसात सांगतो तसं. आणि शेवटी म्हणालो, "तसं झालं असेल, वहिनी. पण तुम्हाला काय माहीत."

मी त्यांना माफसुद्धा केलं, बघा.

त्यानंतर त्यांनी कुठल्याच यंत्राला हळद-कुंकू लावलं नाही. घरच्या शिवणयंत्रालाही नाही. त्यांची मुलगी एकदा माझ्यादेखत म्हणाली, "आई, व्हाय डोन्ट वी डू दॅट पूजा एनीमोअर?" वहिनी भांडी आवरायला आत गेल्या. अरविंद मात्र त्यांना कधी एका शब्दानं बोलला नाही. त्याचंही मत तेच आहे, हे मला माहीत आहे.

गेल्या दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली. ड्राइव्हवेमध्ये सगळे जमले. माझ्या बायकोनं मोठेपणाचा मान म्हणून हळद-कुंकवाचा करंडा वहिनींपुढे धरला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, लहान मूल घेतं तसे. हसत म्हणाल्या, "नको गं, मशीनला माझा हात नको. भावजींना विचार, त्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अरविंदनंही.

मी मान डोलावली. बायकोच्या हातून करंडा घेतला आणि गाडीला कुंकू मीच लावलं.