तेजराम मिस्त्रीची स्पोर्ट गाडी

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला तेजरामचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, पुढं कडुनिंब, आणि निंबाला टांगलेला जुना टायर हाच बोर्ड. गाडी आली की तो बोनेट उघडत नाही, आधी नुसता कान देतो. वैद्यानं नाडी धरावी तसा. मग म्हणतो, "टायमिंग गेला हिचा," आणि तो गेलेलाच असतो.

हा गुण बापाचा. लक्ष्मणराव बपेऱ्याचे सुतार, पटाचे छकडे बनवणारे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी कोणाचीही पळो, तिच्यामागचा छकडा बहुतेक लक्ष्मणरावांचा असे. नवा छकडा तयार झाला की ते पोराला त्यावर बसवायचे आणि जू दोन बोटांवर तोलून धरायचे.

"पाह्य गा. मांगं वजन पडून उलार झाली तं बैलाचा गया आवळते. पुढं पडून धुरजड झाली तं मान मोडते. ना मागं, ना पुढं. हलकी तं कोनीबी बनवते."

तेजरामच्या ध्यानात त्यातला एकच शब्द राहिला. हलकी.

तीन वर्षांपूर्वी मोहाडीचा अंकुश एक जुनी छोटी कार घेऊन आला. आईचा एकुलता एक, अंगात वारं.

"दादा, हिले स्पोर्ट कार बनवून दे."

"स्पोर्ट कार म्हंजे काय बे?"

"म्हंजे रस्त्यानं गेली का लोकायनं वळून पाह्यलं पायजे."

"लोक तं म्हशीलेबी वळून पाह्यते."

पण तेजरामला हौस आली. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि टमटम दुरुस्त केलेल्या माणसाला असं काम कोण देतं? पटाची गाडी बुटकी असते, म्हणून त्यानं ग्राइंडरनं चारही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापले. हलकी असते, म्हणून मागची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅकसुद्धा काढला. सायलेन्सर उघडा केला, पाठीवर पंख बसवला, लाल रंग मारला. आणि मागच्या काचेखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'तेजराम, शहापूर'. मोहाडीच्या बाजारातून ती गाडी गेली तेव्हा भाजीवाल्या बायाही तराजू हातात धरून उभ्या राहिल्या.

चार महिने गाडी पळाली. मग मोहाडी रोडवर एक गोऱ्हा आडवा आला. गाडी जागच्या जागी फिरली आणि बाजूनं मोहाच्या झाडावर आदळली. अंकुशचा उजवा पाय दरवाजात अडकला.

पहिला फोन तेजरामलाच गेला. ज्या ग्राइंडरनं स्प्रिंग कापल्या, त्याच ग्राइंडरनं त्यानं दरवाजा कापला आणि पोराला उचलून भंडाऱ्याला नेलं. पायात सळई पडली, पाय दोन बोटं आखूड झाला, पण पोरगं वाचलं.

तेव्हापासून तुळसाबाई, अंकुशची आई, चार माणसांत सांगते, "तेजराम नसता तं माहा लेक नसता." दर साली नवे तांदूळ निघाले की थैली शहापूरला पोचते. आणि लेकाला म्हणते, "तुनं ब्रेक दाबलाच नाही. गाडीचा आवाज आयकन्यात रंगला होता." तीन वर्षं तेच तेच ऐकून अंकुशलाही तसंच वाटायला लागलं होतं. तहसीलसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसतो, पण जातो पायी. स्कूटीलासुद्धा हात लावत नाही.

त्या दिवशी डांबरावर दोन काळे पट्टे होते. मागच्या चाकांचे, विळ्यासारखे वाकलेले. तेजरामनं ते पाहिले होते. ब्रेक न दाबता तसे पट्टे उमटत नाहीत, हे त्याच्या शेडमधला पानाही सांगेल. पण पाहून न पाहिल्यासारखं करणं माणसाला फार लवकर जमतं, आणि तीन वर्षं तांदूळ खाणंही.

गेल्या रविवारी सकाळी निंबाखाली एक गाडी थांबली. दोनच सीट, रंग राखाडी, ना पट्टा, ना पंख. पंक्चर झालं होतं. रायपूरकडं निघालेली साठीची एक बाई उतरली. गाडी इतकी बुटकी की जॅक खाली जाईना. फळी टाकून, तिच्यावर चाक चढवून मग जॅक घातला. चाक काढलं तर आत ताटाएवढी ब्रेकची डिस्क.

"बाई, एक विचारू? हे खरी स्पोर्ट कार हाये ना?"

"आहे."

"मंग आवाज काहून नाही?"

बाई हसली. "आवाज तर तुमच्या ट्रॅक्टरलाही असतो, भाऊ. हिचं वजन पुढं-मागं सारखं आहे. म्हणून जिथं बघाल तिथं वळते आणि म्हणाल तिथं थांबते. पळायचं काय, सरळ रस्त्यावर काहीही पळतं."

तेजरामचा पाना हातातच राहिला. ना मागं, ना पुढं. बापाची दोन बोटं डोळ्यांपुढं आली.

अंकुशच्या गाडीत, त्याला आता आठवलं, मागच्या एक्सलजवळ एक लहानसा वॉल्व्ह होता. गाडी मागं किती दबली आहे ते पाहून तो मागच्या चाकांना ब्रेक देतो. माणसं बसली असली तर जास्त, नसली तर कमी. तेजरामनं स्प्रिंगा कापून गाडी दाबून ठेवली आणि वजन मात्र काढून घेतलं. वॉल्व्हला वाटलं, मागं चार जण बसलेत. त्यानं रिकाम्या चाकांना पुरा ब्रेक दिला. चाकं जाम झाली, आणि गाडी फिरली.

बाई गेली. तेजराम हात न धुताच मोटरसायकलवर बसला.

मोहाडीला अंकुश अंगणात खाटेवर बसून मोबाईल पाहत होता. पलीकडं चेपलेली लाल गाडी, तिच्या टपावर कोंबडी. काचेखालचं 'तेजराम, शहापूर' अजून वाचता येत होतं.

"बस ना दादा. माय चहा मांडून राहिली."

तेजराम बसला नाही. उभ्याउभ्यानं सगळं सांगितलं. स्प्रिंगा, वॉल्व्ह, काळे पट्टे. मधे एकदाही थांबला नाही. थांबला असता तर परत निघाला असता.

अंकुशनं मोबाईलवरची नजर काढली.

"म्हंजे मीनं दाबला होता?"

"पुरा दाबला होता."

"तुले त्याच दिवशी मालूम होतं?"

"पट्टे पाह्यले होते. मनाले इचारलं नाही."

"बुटकी कर म्हनून मीच मांगं लागलो होतो."

"तू गिऱ्हाईक, गा. मिस्त्री मी होतो."

अंकुशनं मोबाईल खाटेवर उलटा ठेवला. "मले सांगून का फायदा? तीन सालापासून मले आयकवते ते माय. तिले सांग."

तेवढ्यात तुळसाबाई दोन कप घेऊन बाहेर आली. "बरा आला, गा तेजराम. तुह्या नावाची थैली बांधूनच ठेवली हाये."

"काकी, थैली राहू द्या." तेजराम म्हणाला. "अंकुशनं ब्रेक दाबला होता. गाडी मीनं बिघडवली होती."

मग तेच सगळं दुसऱ्यांदा. या वेळी वॉल्व्हचं नाव घेतलं नाही. छकड्याच्या भाषेत सांगितलं, उलार आणि धुरजड. शेतकऱ्याच्या घरची बाई, तिला लगेच समजलं.

तुळसाबाईनं एक कप अंकुशच्या हातात दिला. दुसरा तिच्या हातात तसाच राहिला. ती लेकाजवळ खाटेवर बसली आणि त्याच्या आखूड पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्या तुले काय काय म्हनलं रे," ती म्हणाली.

अंकुश चहा पीत राहिला.

तेजरामकडं तिनं पाहिलं नाही. हातातला कप मात्र खाटेच्या कडेला, त्याचा हात पोचेल तिथं ठेवला आणि आत निघून गेली. तो आपल्यासाठी ठेवला की नुसताच ठेवला, हे तेजरामला कळेना. चहावर साय धरेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग अंकुश म्हणाला, "दादा, निघाच्या आधी तुह्या गाडीची चाबी दे जरा. गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन पाह्यतो."

तेजरामनं चावी दिली. कपाला मात्र हात लावला नाही.