झिऱ्यात पाय

परभणीहून दुधनाकाठचं एक गाव बघायला गेलो होतो. पात्रातल्या वाळूत नितळ पाण्याचा खड्डा दिसला. काय सोय केलीय गावानं, म्हणत मी बूट काढले आणि पाय सोडून बसलो.

काखेत घागर घेतलेली एक म्हातारी समोर उभी राहिली.

"पाव्हणं, आमी पितो ते. सकाळीच उकरलाय म्या झिरा."

मी शरमून उठलो. ती पदर खोचून करवंटीनं गढूळ पाणी उपसू लागली. दर करवंटीमागं माझ्या पायांकडं एकदा बघायची. मीही ओंजळीनं उपसलं. हळूहळू वाळूतून पुन्हा नितळ पाणी पाझरलं.

पहिली करवंटी तिनं मलाच दिली.

"आदी तुमी पिऊन दावा."

पाणी लय गोड होतं. मी सगळं प्यालो, तेव्हा कुठं तिनं घागर भरायला घेतली.