घरखाण्याचा चिया

आमच्या शेतात पहिल्यांदा चिया पेरला त्या वर्षी, होळीनंतरच्या आठवड्यात, माझ्या मोठेबाबांनी सकाळी अंगणात त्या चियाची मूठभर फक्की मारली आणि वर तांब्यातलं पाणी प्यायले. बी अन्ननलिकेत फुगून अडकलं. पुढे अकोल्याच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. गाव रिठदच्या बाजूचं. शेत एकत्र, घरं दोन, मध्ये एक कुंपण. मी तेव्हा वाशीमला एका दैनिकात काम करत होतो आणि रविवारी गावी जात असे.

चिया पेरण्याचं कारण साधं होतं. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, शिरत होते, तुरीत रानडुकरं. चियाच्या पानांचा वास जनावरांना सहन होत नाही, असं शेजारच्या गावातल्या लोकांनी सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. माघात पीक उभं होतं, शेजारचा हरभरा तुडवला गेला होता आणि आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत एक खूर उमटला नव्हता. बियाण्याच्या पिशवीवर पेरणीची खोली, दोन ओळींतलं अंतर आणि पाणी कधी द्यायचं ते छापलेलं होतं. बी खायचं कसं, हे छापलेलं नव्हतं. त्याची गरज कुणाला वाटली नसावी.

मोठेबाबांची एक रीत होती. कोणताही माल बाजारात जाण्याआधी घरखाण्याचा वाटा वेगळा काढायचा. तूर, गहू, ज्वारी, जवस, सगळ्यांचे डबे घरात ठरलेले होते. अपवाद सोयाबीनचा. ते पोत्यांत भरून जायचं आणि त्याच रस्त्याने दुकानातून तेलाची पिशवी घरी यायची. पिशवीवर पामतेल लिहिलेलं असे. सोयाबीनबद्दल मोठेबाबा फार बोलत नसत.

दुसरी सवय खळ्यावरची. दाणा वाळला की नाही हे ते दाताखाली धरून पाहत. तीळ, जवस यांसारखं बारीक बी असलं की राशीतून मूठ भरून तोंडात टाकायची, चावायची आणि मग सांगायचं, भरा. पुढे दाढा गेल्या. चावणं थांबलं. फक्की मारणं थांबलं नाही.

त्या माघात मळणीच्या दिवशी एका विद्यापीठातली अभ्यासक मुलगी आमच्याकडे आली. परदेशात जाणाऱ्या पिकांचा गावातल्या खाण्यापिण्यावर काय परिणाम होतो, हा तिचा विषय होता. तिला वऱ्हाडी समजत नव्हती, म्हणून मी सोबत होतो. तिने हिंदीत विचारायचं, मी आमच्या बोलीत सांगायचं, असं चाललं होतं. पाणी, मजूर, खत, विक्री, घरातून बाहेरगावी गेलेली माणसं. शेवटी तिने विचारलं की या पिकातलं घरी खाण्यासाठी किती ठेवता.

मी प्रश्न सांगितला. मोठेबाबा राशीजवळ उकिडवे बसले होते.

"रोही याले तोंड लावत नाही," ते म्हणाले. "डुक्कर लावत नाही. आमी बी खात नाही. मंग कोणासाठी पेरून राह्यलो बाबू?"

"तिकडचे लोक खातात," मी म्हणालो.

"तिकडचे म्हंजे कोण?"

मुलीने परदेशांची नावं घेतली, मग मुंबई-पुण्याचं नाव घेतलं.

"पुण्यात तं आपलं पोट्टं आहे. तो खाते काय?"

मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, थ्रेशरमागचा भुसा ओढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तो वडापाव खाते. तुमाले एवढी हौस आहे तं तुमीच खा ना. कोणं हात धरला तुमचा?"

थ्रेशरवाला हसला. मोठेबाबाही हसले. मुलीने उत्तर लिहून घेतलं: काही नाही. ते खरंच होतं. त्या क्षणापर्यंत काहीच ठेवलेलं नव्हतं.

संध्याकाळी पोती शिवायच्या आधी मोठेबाबांनी घरातून एक रिकामा पत्र्याचा डबा आणला, राशीतून भरला आणि जवसाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवला. मोठीआईने विचारलं, हे कायले? ते म्हणाले, "पेरलं आपण, कापलं आपण. अन् कोणी चव विचारली तं म्हणावं लागते, आमाले माहीत नाही. असं कोणाच्या घरी असते काय?"

त्यांचा मुलगा पुण्याजवळ एका गोदामात माल भरण्याचं काम करत होता. रात्री जेवण झाल्यावर त्याचा फोन आला. मी तिथेच होतो.

"तुमच्याकडे चिया येते काय रे?"

"येते ना बाबा. खोकेच्या खोके येते."

"कायले खातेत लोकं?"

"वजन कमी करायले."

मोठेबाबांनी फोन कानापासून दूर धरला आणि आमच्याकडे पाहिलं. "घ्या. खाऊन वजन कमी करून राह्यले लोकं. आपलं तं न खाताच झालं."

कसं खातात, हे त्यांनी विचारलं नाही. मुलालाही ते माहीत नव्हतं. त्याच्या हाताखालून बंद खोकी जात.

त्या हिवाळ्यात मोठेबाबांना गिळताना त्रास होत होता. भाकरी ते वरणात कुस्करून खात. मोठीआईने तपासायला जा म्हणून सांगितलं होतं. ते म्हणत, माल गेला की जातो.

माल गेला. वाशीमच्या बाजारात बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी तो घेतला. डबा फळीवर राहिला. होळी झाली. त्या आठवड्यातल्या सकाळी मोठेबाबांनी तोंड धुतलं, डबा काढला, मूठ भरली आणि जवसाची मारत तशी फक्की मारली. मोठीआई चुलीपुढे होती. तिने सांगितलं त्याप्रमाणे ते म्हणाले, याले तं काही चवच नाही. मग पाणी प्यायले. थोड्या वेळाने छातीवर हात ठेवून खाली बसले आणि आणखी पाणी मागितलं. तिने ते दिलं.

पाण्याने ते बी आणखी फुगत होतं, हे तिला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे धरायला एका शेजाऱ्याला घेऊन, माझ्या वडिलांनी त्यांना वाशीमला नेलं. तिथून रुग्णवाहिकेने अकोल्याला. नळी घालून बियांचा गोळा काढण्यात आला. अन्ननलिका आधीच अरुंद झालेली होती आणि उलटीचं पाणी फुप्फुसात गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा पुण्याहून पोचला तेव्हा मोठेबाबा शुद्धीवर होते. बोलता येत नव्हतं. त्यांनी त्याचा हात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी न्यूमोनिया झाला आणि त्यातून ते उठले नाहीत.

दिवसपाणी होईपर्यंत मोठीआई येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती: "मीच म्हटलं होतं, खा म्हणून." बायका म्हणत, ते मस्करीतलं होतं. ती म्हणे, व्हय, मस्करीतलंच होतं. मग पुढच्या माणसाला पुन्हा सांगे.

मुलगा पुण्याला परत गेला. काही दिवसांनी त्याने एका दुकानात चियाचं पाकीट विकत घेतलं आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवला. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की बी खाण्याआधी पाण्यात भिजवावं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच शेतात पुन्हा चिया पेरला. कारण तेच होतं. मुलगा मळणीसाठी रजा घेऊन आला. डबा तोवर फळीवरच होता, जवसाच्या शेजारी. पोती भरून झाल्यावर मोठीआईने तो स्वतः खाली काढला आणि मुलाच्या हातात दिला. त्याने झाकण काढलं. एक मूठ कमी होती. त्याने डबा शेवटच्या पोत्यात ओतला आणि पोत्याचं तोंड शिवलं. ते पोतं त्याच आठवड्यात वाशीमच्या बाजारात विकलं गेलं.