बसून पाहिलेलं घर

फुलसावंगीच्या स्टँडवर मला सोडायला याडी आली होती, आणि तिच्याबरोबर निम्मा तांडा. एका मुलीला पुण्याच्या वाटेला लावायचं तर दोन माणसं पुरतात, पण आपल्याकडे दोन माणसांनी कुठे जायची पद्धत नाही. पुसदची एसटी लागली. कंडक्टरने एवढी गर्दी पाहून विचारलं, "सारेच येऊन राह्यले का?" सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. याडी खिडकीखाली येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "खोली घेशीन त आधी बसून पाह्य. उभ्यानं घेऊ नको." एसटी निघाली आणि मी ते विसरून गेले.

हे सगळं आज लिहायचं कारण तुम्हीच आहात. तांड्याच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, महागावच्या घराचं काय झालं? तांड्यातले विचारतात, सुरत-हैदराबादला गेलेलेही विचारतात. एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. परक्या गावात जन्मलेल्या तुमच्या पोरांसाठी एवढं सांगते की आपल्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. बाकी सगळं मराठीत आहे, कारण आता मला सलग असं फक्त मराठीतच लिहिता येतं. माझा स्वभाव संशयी आहे, असं तुम्ही माझ्या पाठीमागे म्हणता हे मला माहीत आहे. कोण म्हणतं तेही माहीत आहे.

पण मी अशी का झाले तेही ऐका. पुण्यात मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. ही नळी या माणसाचीच ना, नाव बदललं तर नाही ना, हे दोनदा पाहायचं. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. आणि त्याच्याही आधी ती पहिली खोली. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग जरा थांबून विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे फार येतात का हो?" आडनाव आणि पाहुणे यांचा संबंध मला तिथल्या तिथे कळला. मी म्हटलं, कुणी येत नाही. उभ्या उभ्याच होकार दिला आणि उभ्या उभ्याच किल्ली घेतली. त्यानंतर खरंच कुणी आलं नाही. आता राहते ती खोली चौथ्या मजल्यावर आहे, दाराला साखळी आहे, बाहेर कोण आलंय ते पाहायला भिंग आहे, आणि समोरच्या दारावरच्या पाटीपलीकडे मला शेजाऱ्यांची काही माहिती नाही.

बा गेला आणि याडी तांड्यावर एकटी राहिली. तुम्ही सगळे आहात तिथे, ते मी नाकारत नाही. पण तिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, आणि तांड्यापासून डांबरी सडकेपर्यंतचा उतारही माहीत आहे. फोनवर ती "बरी हावो" म्हणायची आणि मला तिचा चढलेला दम ऐकू यायचा. पुण्याला ती एकदाच आली. थोड्याच दिवसांत खिडकीतून खाली पाहत म्हणाली, "इथं जमीन कुठं हाये?" मी तिला परत नेऊन सोडलं. म्हणजे एक तर मी पुणं सोडायचं, नाही तर तिला सडकेजवळ, दवाखान्याजवळ, घरात नळ असलेलं घर घेऊन द्यायचं. मी दुसरं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. आपलं म्हणून परत यायला एक दार हवं होतं, ज्याचा रंग मी स्वतः निवडला असेल.

महागावला गुरुजींचं घर बंडूभाऊ दलालाने दाखवलं. गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, शांत, हळू बोलणारे. पुढे ओटा, आत अंगण, अंगणात कडुलिंब, घरात नळ, दवाखाना पलीकडच्याच गल्लीत. ते आणि काकू मुलाकडे अमरावतीला फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. मी सगळे कागद तपासले, मग वकिलाला दाखवले, मग दुसऱ्या वकिलाला दाखवले. कुठेही खोट निघाली नाही, त्यामुळे मला आणखीच शंका आली. पण इसार दिला. संक्रांतीनंतर रजिस्ट्री ठरली. पुण्याला येऊन मी त्या खिडक्यांच्या मापाचे पडदे शिवून घेतले, पिवळ्या फुलांचे.

आणि मग तुम्ही लोकांनी काय केलं? बाजाराच्या दिवशी टेम्पो केला आणि सगळ्या बाया मिळून ते घर बसून पाहायला गेल्या.

ही आपल्या तांड्याची रीत आहे, हे मी कुणाला समजावू? बा सांगायचा, तांडा फिरता होता तेव्हा नव्या जागी पोचल्यावर बैलांवरची गोणी लगेच उतरवत नसत. आधी म्हातारी माणसं नुसती खाली बसायची. वारा कुठून येतो, मुंग्या निघतात का, जीव लागतो का, ते बसल्यावरच कळतं म्हणे. उठावंसं वाटलं तर तांडा पुढे, नाही वाटलं तर मुक्काम. ठीक आहे. पण तेव्हा त्या जागी आधीपासून कुणी राहत नव्हतं. इथे गुरुजी आणि काकू अजून घरात होते, रजिस्ट्री व्हायची होती, आणि टेम्पोभर बाया त्यांच्या अंगणात मांडी घालून बसल्या, भाकरी सोडल्या, गाणी म्हटली.

मी लॅबमध्ये होते. ग्रुपवर व्हिडिओ आला. याडी कडुलिंबाला टेकून बसली आहे, तुम्ही टाळ्या वाजवताय, आणि मागे दारात काकू चौकट धरून उभ्या आहेत. मी काकूंचा चेहरा मोठा करून पाहिला. जितका मोठा केला तितका तो फुटत गेला. राग होता की किळस की आणखी काही, कळेना. पण आता हा सौदा मोडणार, असं वाटलं.

मग तेच झालं. गुरुजी म्हणाले, काकूंची तब्येत बरी नाही. मग म्हणाले, मुलाला सुट्टी नाही. मग फोन उचलेनासे झाले. शेवटी बंडूभाऊचा फोन आला. "ताई, सोडा हा सौदा. दुसरं घर दाखवतो तुमाले. त्याचं कसं हाये, गल्लीतले लोक म्हनू राह्यले होते का…" आणि तिथेच थांबला. मी विचारलं, काय म्हणत होते? तो म्हणाला, "जाऊ द्या ना ताई." इसार पूर्ण परत आला, एक पैसाही न कापता. पैसे बुडवणारा माणूस मला समजतो. न मागता सगळे परत करणाऱ्याचं काय समजायचं?

बंडूभाऊचं ते अर्धं वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात पुरं करत बसले. दरवेळी त्याचा शेवट तोच व्हायचा, पहिल्या मालकीणबाईंच्या प्रश्नाचा. कधी वाटायचं, दुसरं गिऱ्हाईक आलं असेल, बंडूभाऊच मिळालेला असेल. कधी तुमच्यावर संशय यायचा, की तुमच्यापैकीच कुणाला याडीने तांडा सोडायला नको होतं. राग सगळ्यांवर होता आणि काढायला जागा नव्हती. पडद्यांची पिशवी कपाटावर टाकली, तरी झोपताना नेमकी तीच दिसायची.

सगळ्यात जास्त संशय याडीचाच आला. सौदा मोडला सांगितलं तर ती म्हणाली, "होते असं." एवढंच. ना हळहळ, ना शिव्या. त्यात बाजाराच्या दिवशी तिचा फोन दुपारभर लागेना. विचारलं तर म्हणायची, रेंज नव्हती. महागावच्या बाजारात रेंज नसते, हे मी मान्य करायला तयार नव्हते.

होळीला घरी यायचं म्हणून ट्रॅव्हल्सने निघाले. पडद्यांची पिशवी सोबत घेतली, याडीला तांड्यावरच्या घराला तरी होतील म्हणून. सकाळी महागावला उतरले आणि तांड्याकडे न जाता सरळ गुरुजींच्या गल्लीत गेले. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. ते अर्धं वाक्य आज त्यांच्याच तोंडून पुरं करून घ्यायचं होतं.

दार उघडं होतं. आत अंगणात चूल पेटली होती, गव्हाच्या चिकाचा वास येत होता, आणि माझी याडी पाटावर बसून सोऱ्याने कुरडया पाडत होती. शेजारी काकू होत्या. तुमच्यापैकी चारपाच जणी होत्या, नावं घेत नाही, तुमची तुम्हाला माहीत आहेत.  मी पिशवी घेऊन दारातच उभी राहिले.

"सौदा मीनंच मोडला, बाई," काकू म्हणाल्या. हात चिकाने भरलेले, नजर खाली. "गुरुजीले बोल लावू नको. तुह्या मायनं इथं बसून पाह्यलं ना, ते मी दारातून पाहून राह्यलती. मंग तुमी गेल्यावर मले वाटलं, आपन एवढी वर्सं इथं नुसता राबलो, बसून कधी पाह्यलंच नाही. मंग मी बसली. अन् मले उठावंसंच वाटलं नाही. अमरावतीले कोन येईन माह्या दारात?"

मी विचारलं, "आणि गल्लीतले काय म्हणत होते?"

काकूंनी हाताचा चिक निपटला. मग म्हणाल्या, "म्हनत होते. तू समजली तेच. मी त्यायचं आइकलं नाही. म्हनून त ह्या साऱ्या इथं बसल्या हायेत."

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. फक्त माणूस चुकला होता. यात आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी याडीकडे वळले. मला का नाही सांगितलंस?

"तू भांडाले आली असती," ती म्हणाली. "आलीच ना."

"पण तुझं घर गेलं, याडी."

"मले घर कायले पाह्यजे होतं? बाजाराच्या, दवाखान्याच्या दिवशी मी इथंच टेकतो. काकू खाट टाकून देते. घर तुले पाह्यजे होतं, माय. तू त बसून बी पाह्यलं नाही." आणि तिने माझ्या हातातली पिशवी ओढली, पडदे काढले, अंगणात पसरले आणि त्यावर कुरडया घालायला लागली. ज्या खिडक्यांसाठी शिवले होते त्यांच्याच समोर.

नळ नाही, सडक नाही, याडीचे गुडघे तेच आहेत, आणि काकूंचं मन उद्या पुन्हा बदलणार नाही याची खात्री मला कुणी दिलेली नाही. मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला तर? मी दुसरं घर शोधते आहे, कुणाला माहीत असेल तर कळवा. कागद मी तेव्हाही दोन वकिलांना दाखवणार.

परवा पुण्याला परत आल्यावर मी खोलीत जमिनीवर बसून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लिफ्टचा आवाज आला, कुणीतरी समोरचं दार उघडून बंद केलं, आणि मी उठून भिंगातून बाहेर पाहायला गेले. परत येऊन बसावंसं वाटलं नाही.

महागावला त्या दिवशी मी भांडायला गेले होते. काकूंनी पाट सरकवला आणि मी बसले. दुपारची फुलसावंगीची बस गेली, नंतरचीही गेली, कुरडया वाळत आल्या, आणि याडीनेच शेवटी म्हटलं, "आता ऊठ, बाई, हे घर दुसऱ्याचं हाये."