सांगलीचा चहा, उंब्रजचा कप

उंब्रजच्या स्टँडवर आम्ही दोघी उजाडताच येऊन बसलो, मी आणि हौसा. कराडच्या गाडीला अवकाश होता आणि थंडी मरणाची. समोरच्या हॉटेलात चहा उकळत होता, वास पार आमच्यापर्यंत येत होता. तरी दोघीही उठलो नाही. हौसा मराठ्याच्या घरातली सून, ती हॉटेलाची पायरी चढणार नाही. आणि मी त्या हॉटेलचा चहा सोडला होता.

का सोडला ते दाराबाहेरच भिंतीवर दिसत होतं. खिळ्याला कानानं अडकवलेला, कडा टवकलेला एक कप. आमच्या लोकांचा. त्यात चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की आतला माणूस तांब्यानं वरून पाणी घालायचा, आपण कप धुवायचा आणि परत खिळ्याला लावायचा. पंधरा-वीस वर्षं बाजारच्या दिवशी मी तेच केलं. धर्म बदलून आम्ही बौद्ध झालो तेव्हा वस्तीनं त्या कपाला हात लावायचं सोडलं. पुढं हॉटेलवर 'सर्वांना प्रवेश' अशी पाटी लागली, पण कप तिच्याखालीच राहिला. हॉटेलवाल्यानं कप काढला नाही, आम्ही चहा सोडला.

"सोने," हौसा म्हणाली, "सांगलीत आपण एका ताटात खाऊ. तितं कोन वळकतंय आपल्याला."

"आनि परत आल्यावर?"

"परत आल्यावर मला धरू नगंस. मला सासू हाय, दीर हायती."

"मी कवा धरलंया तुला," मी म्हणाले. तिनं बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

हौसा, चंद्रा आणि मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत एकत्र होतो. एकत्र म्हणजे त्या दोघी आत आणि मी बाहेर ओट्यावर, खिडकीखाली. चौथीनंतर तिघींचीही शाळा सुटली. चंद्रा शिंप्याची, ती लग्न होऊन सांगलीला गेली. हौसा गावातच पडली. मी तिच्या शेतात भांगलणीला (पिकातलं तण काढायला) जाऊ लागले. दुपारी ती बांधावर बसून भाकरी खायची, मी झाडाखाली. बोलणं ऐकू येईल एवढं अंतर असायचं. सगळ्या संसाराची सुखदुःखं आम्ही त्या अंतरावरून एकमेकींना सांगितली. तिच्या ताटातलं मी कधी खाल्लं नाही, माझ्या घरचं पाणी ती कधी प्यायली नाही.

चंद्रानं निरोप धाडला होता की मालक गावाला गेलेत, घर मोकळं आहे, दोघी या, खाऊपिऊ. हौसानं घरी सांगितलं, सांगलीच्या गणपतीला जाते, सोना बोचकं धरायला बरोबर आहे. बोचकं शेवटपर्यंत तिनंच धरलं.

कराडला गाडी बदलली. हौसाला एसटीची सवय नव्हती. पेठ नाका जवळ आला तसा तिचा चेहरा हळदीसारखा झाला आणि तिनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. वारा उलटा होता. मागच्या बाकावरचे गृहस्थ धोतर झाडत उठले आणि म्हणाले, "बाई, पुढच्या बारीला मागं बसत जावा, म्हंजी आमी पुढं बसू."

तोंड धुवायला पाणी हवं होतं. पाणी फक्त माझ्या चंबूत होतं. हौसानं आधी चंबूकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वरनं वतू का?" मी विचारलं.

"आन हिकडं," ती म्हणाली. तिनं चूळ भरली आणि मग चंबू तोंडाला लावून गटागटा पाणी प्याली. सांगली अजून लांब होती.

इस्लामपूर गेलं, आष्टा गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच हळदीचे वाफे. मग एकदम कृष्णेवरचा मोठा पूल लागला. हीच नदी आमच्याकडनं खाली येते, पण इथं ती सुखवस्तू बाईसारखी पसरून बसलेली दिसली. पाण्याच्या कडेनं काळी माती, तिच्यात वांग्यांची झाडं. पलीकडं घाट, देवळं, कौलं. हौसानं पुलावरून नदीला हात जोडले. मी नदी बघितली.

चंद्रा स्टँडवर उभी होती. सांगलीनं तिला चांगली पोसली होती.

"काय गं हौसे ही तऱ्हा? गाडीनं चघळून थुकली काय तुला?"

"तू गप. तुला आनायला तर बैलगाडी लागंल."

चंद्राचं घर खणभागात होतं. गल्ली अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली, कुणाच्या घरात काय शिजतंय ते नाकाला कळावं. घरी बोचकं टाकलं आणि चंद्रा आम्हाला खायला बाहेर घेऊन निघाली. बायकांनी नुसतं खायला बाहेर पडायचं, हेच मला नवीन होतं.

पहिल्यांदा भडंग. एका बोळात एक म्हातारा कढईत लसूण आणि शेंगदाणे परतत होता आणि त्यात चुरमुरे ओतून तिखटासकट हलवत होता. लसूण तांबूस व्हावा पण करपू नये, एवढीच त्यातली मेख. त्यानं मोठा पुडा बांधून दिला. चंद्रानं तो तिथंच सोडला आणि आमच्यापुढं धरला. तिचा हात गेला, माझा गेला. हौसाचा हात पुड्यापर्यंत आला आणि थांबला. मी दुसरीकडं बघितलं. जरा वेळानं वळून बघते तर तिच्या ओठांना तिखट लागलेलं.

"लय झोंबतंय," ती म्हणाली आणि आणखी एक मूठ घेतली.

"पदर धरा तोंडावर," चंद्रा म्हणाली. "रस्त्यानं चरत निघालेल्या म्हशी वाटायला लागलोय."

पुढं रसाचं दुकान होतं. चरकाला घुंगरं बांधलेली, माणूस चाक फिरवायला लागला की ती वाजायची. आम्ही उसाच्या गावच्या बायका, ऊस दातानं सोलून खाणाऱ्या. इथं तो बर्फ घालून पेल्यातनं प्यायलो. हौसा म्हणाली, "दात घरी ठिवून आलेल्यांची सोय हाय ही." पण पेला उपडा करून शेवटचा थेंबही तिनंच घेतला.

मग हॉटेल. चंद्राच्या ओळखीचं, बाजाराच्या तोंडाशी. बाहेर हळदीची पोती उतरत होती, आतल्या बाकांवर हमाल बसलेले, त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. बायकांसाठी कोपऱ्यात पडदा लावलेलं एक टेबल होतं. हौसानं दाराशी चपला काढल्या.

"अगं, देऊळ हाय व्हय हे?" चंद्रा हसायला लागली. हौसा पुन्हा चपला घालून आत आली, पण पाय उचलून टाकत होती, जणू सारवलेल्या जमिनीवरून चाललीय. ती जन्मात पहिल्यांदा हॉटेलात शिरत होती. दोघींत हॉटेलची माहिती मलाच जास्त, पण ती सगळी बाहेरून.

पडद्याआड उकडत होतं म्हणून चंद्रानं तो सरकवून ठेवला. मिसळ आली. वर तेलाचा तवंग, खाली मटकी, बरोबर पावाचे तुकडे. हौसाचा पाव संपला तेव्हा तिनं माझ्या ताटलीतला उचलला आणि माझ्याच रश्श्यात बुडवला. हे सगळं ती बोलता बोलता करत होती, धाकट्या जावेविषयी काहीतरी सांगत होती. मी जावेविषयी एक अक्षर ऐकलं नाही. त्या पावाच्या तुकड्याकडं बघत होते.

चहा आला. तीन कप, तिन्ही सारखे. चहा गोड होता, आलं भरपूर होतं. तो मी बशीत ओतून सावकाश प्याले. आणि मग उठले. कप बशीत ठेवला, कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेले, पिंपातलं पाणी घेऊन कप धुतला, बशी धुतली, आणि कप लावायला भिंतीवर खिळा शोधू लागले.

भिंतीला खिळा नव्हता. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं मी काय करतेय.

"काय शोधताय, मावशी?" मालकानं विचारलं. पण विचारता विचारताच त्याला कळलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. जवळच्या बाकावरच्या एका हमालालाही कळलं. त्यानं आपली ताटली उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

मालक चंद्राकडं वळला. "चंद्राबाई, ह्या कुनाच्यातल्या?"

"माझ्यातल्या," चंद्रा म्हणाली.

तिला अडचण नको म्हणून गप्प बसता आलं असतं. पण चहा मी प्याले होते आणि तो चोरून प्याले नव्हते. "बौद्ध हाय मी," मी म्हणाले. "उंब्रजकडची."

मालकानं त्या उठून गेलेल्या हमालाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कपाकडं. त्यानं कप माझ्या हातातनं घेतला. "कप धुवायला आमच्यात पगारी गडी हाय, मावशी. त्येच्या पोटावर पाय देऊ नगा." एवढं बोलून त्यानं तो बाकीच्या कपांत नेऊन ठेवला. नंतर त्यातला माझा कोणता, हे मलाही सांगता आलं नसतं. उठून गेलेल्या माणसाला मात्र तो काही बोलला नाही. तेही गिऱ्हाईकच होतं.

बाहेर पडल्यावर तिघी घाटावर जाऊन बसलो. भडंगाचा पुडा मध्ये होता, पण कुणी त्याला हात लावला नाही. हौसा माझ्याकडं वळली.

"सोने, तू भिताडावर काय शोधत व्हतीस?"

"खिळा."

"कसला खिळा?"

"उंब्रजच्या हाटेलात आमचा कप असतोय बग, दारात. धुवून त्येच खिळ्याला लावायचा."

"त्यो कप? आगं, मला वाटायचं, नजर लागू नये म्हनून टांगलाय त्यो. लोक न्हाई का दारावर जुनं खेटार बांधत?"

चंद्रा हसली आणि लगेच थांबली. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. लग्न झाल्यापासून हौसा त्या दारावरून बाजाराला जात होती. दर बाजारी कप बघत होती. ती खोटं बोलत नव्हती. तिला त्या कपाचं काही पडलंच नव्हतं, म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं.

रात्री चंद्रानं नदीकाठच्या वांग्याचं भरीत केलं आणि एकच परात मध्ये ठेवली. तिघींनी तिच्यातच खाल्लं. सांगलीचं वांगं चांगलं असतं म्हणतात. असतं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. हौसा या खेपेला गाडीत मागं बसली, तरी पोट ढवळायचं ते ढवळलंच. दुपारी उंब्रजला उतरलो तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. तो बाजाराचा दिवस होता. स्टँडवर निम्मं गाव.

"च्या पायजे मला," ती म्हणाली.

"जाताना काय बोललीस ते हाय का ध्यानात?" मी म्हणाले. "मी तुला धरलेलं न्हाई."

"तू गप चल."

ती चपला न काढता हॉटेलात शिरली. मी दारातच थांबले. मालक गल्ल्यावरून अर्धा उठला. "वैनी, तुमी हितं? दादास्नी बलवू का?"

"दादा च्या करनार हायती का? दोन कप द्या."

त्यानं एक कप भरून दाराजवळच्या बाकावर ठेवला. मग बाहेर येऊन खिळ्याचा कप काढला, फुंकर मारून आतली धूळ उडवली, आणि त्यात वरून चहा ओतायला लागला.

"त्यात मी पिनार न्हाई," मी म्हणाले.

हौसा बाहेर आली. तिनं मालकाच्या हातातनं तो टवकलेला कप घेतला, बाकावरचा चांगला कप माझ्या हातात दिला, आणि दारात उभी राहून पिऊ लागली.

"वैनी, त्यो कप..." मालक म्हणाला.

"म्हाईत हाय मला. काल कळलं." तिनं तोंड वाकडं केलं. "सांगलीत बरा करत्यात."

पिऊन झाल्यावर तिनं कप बाकावर ठेवला आणि निघाली. तिला कप धुवायची सवय कुठली असणार.

"हौसे," मी म्हणाले, "त्यो धुवायला लागतोय."

ती मागं फिरली. कप हातात धरला आणि मालकाकडं बघितलं. मालक तांब्या घेऊन तसाच उभा.

"वता की," ती म्हणाली.

त्यानं वरून पाणी घातलं. तिनं तो धुतला, नीट धुतला नाही, बुडाशी साखर तशीच राहिली. आणि खिळ्याला लावला. माझा रिकामा कप मी बाकावर ठेवला आणि चालायला लागले. हात आपोआप त्याच्याकडं जात होता. तो हात मी पदरात गुंडाळून घेतला.

घरी हौसाला काय ऐकून घ्यावं लागलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या भांगलणीला ती बांधावर बसली आणि मी झाडाखाली. दोन दिवस सांगलीत खाल्ल्यानं गाव बदलत नाही. तिचा दीर त्या बांधावरून येत-जात होता. फक्त पाणी प्यायची वेळ आली तेव्हा तिनं आपल्या घागरीकडं न जाता मला हाक मारली, "सोने, तुजा चंबू टाक गं हिकडं."

कप पुढं बरेच दिवस तिथंच होता. मग एकदा गेले तर कप नव्हता, नुसता खिळा होता. हॉटेलला नंतर रंग दिला, तो खिळ्यावरूनच दिला. अजून त्या स्टँडवर उतरले की मी आधी तो खिळा बघते आणि मग आत जाऊन बसते. चहा काही खास नसतो. पिऊन झाला की कप टेबलावर ठेवून उठते.